परड्यातला पाईप

आमच्या मागच्या दारापासून परड्यातल्या संडासापर्यंत सतरा पावलं होती. ही माझी पावलं. झटका आल्यानंतर माझ्या वडिलांना तेवढ्याच अंतराला चाळीस पावलं लागत, आणि ती ते तोंडातल्या तोंडात मोजत. मी त्यांच्या डाव्या बगलेत हात घालून चालायचो तेव्हा मला ती मोजणी ऐकू यायची. एखाद्या दिवशी अडतीस झाली तर ते दारात थांबून म्हणायचे, "आज दोन कमी." जास्त झाली तर काही बोलायचे नाहीत.

वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात ते तीस वर्षं टर्नर होते. लेथवर लोखंड कातायचं, ऑइल इंजिनाचे भाग करायचे, आणि एक सूत इकडंतिकडं झालं तर तो भाग बाजूला ठेवून पुन्हा नवीन घ्यायचा. घरातही तसंच. तांब्या जिथं ठेवायचा तिथंच. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका बोळात आमचं भाड्याचं घर होतं. एकामागं एक तीन खोल्या, मग एक पायरी, मग परडं, आणि परड्याच्या टोकाला संडास. उजव्या हाताला शेजाऱ्यांची उंच भिंत. डाव्या हाताला उघडी जागा, धुण्याचा दगड, आईची तुळस.

चौऱ्याहत्तर सालच्या थंडीत एका सकाळी आबा मोरीत तोंड धुताना खाली बसले ते बसलेच. डावा हात आणि डावा पाय गेला. तोंड थोडं वाकडं झालं, पण बोलणं राहिलं. गल्लीत सगळे म्हणाले, वारं गेलं अंगावरनं. तीन आठवडे दवाखान्यात काढून त्यांना घरी आणलं, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या. "चालवत राहा, जमेल तेवढं त्यांचं त्यांना करू द्या. आणि पडू देऊ नका. ह्यात एकदा हाड मोडलं की माणूस परत उभा राहत नाही."

त्यातली दुसरी गोष्ट माझ्या मनात इतकी घट्ट बसली की पहिली मी विसरूनच गेलो. घरात कुठं भांडं पडलं तरी मी हातातलं टाकून आत धावायचो. कचेरीत फायली चाळताना मला मध्येच ते परड्यात पडलेले दिसायचे. असं चित्र मनात आलं की ते खरं होणार, असं मला वाटायचं. त्या चित्रात मी स्वतः कुठं असेन याचा मात्र कधी विचार केला नाही.

मी दहा ते साडेपाच कचेरीत. आई अंगानं लहान आणि पाठीनं अधू. आबा चांगले उंच आणि हाडापेरानं दणकट. तेव्हा दिवसा त्यांना मागं न्यायचं काम माझ्या बायकोकडं आलं. लग्न होऊन तीन वर्षं झालेली. सासऱ्यासमोर ती डोक्यावरचा पदर कधी खाली येऊ देत नसे. तिनं त्यांना हाताला धरून न्यायचं, संडासात आधार देऊन बसवायचं, बाहेर येऊन भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं आणि त्यांनी खाकरलं की पुन्हा आत जायचं. तिनं एका शब्दानंही तक्रार केली नाही. पण आबा तिच्याशी बोलेनासे झाले. आधी तिला "पोरी, काय केलंयस आज?" असं विचारणारा माणूस तिच्या पायांची चाहूल लागली की डोळे मिटून घ्यायला लागला.

मग बायकोनंच एकदा मला सांगितलं, "मामा दुपारचा चहा घेत न्हाईत. पाण्याचा तांब्या सकाळी भरून ठेवते तो संध्याकाळपर्यंत भरलेलाच असतोय."

मी आबांना विचारलं. ते म्हणाले, "तहान लागत न्हाई."

"डॉक्टरनी पाणी भरपूर प्यायला सांगितलंय."

"डॉक्टरला सून न्हाई काय?" ते म्हणाले, आणि भरलेला तांब्या बाजूला सारला. मग म्हणाले, "मला दुसरं काय नगो. तेवढं एक माझं मला जाता यायला पायजे. बाकी सगळं करा तुमी. भरवा, आंघोळ घाला. पण तेवढं एक."

त्यांनी स्वतःच उपाय काढला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं उजव्या हातानं पेन्सिलीनं आराखडा काढला. कागद सरकू नये म्हणून त्यावर अडकित्ता ठेवला होता. खाटेपासून मागच्या दारापर्यंत भिंतीला कमरेच्या उंचीवर पाईप. दारातून संडासापर्यंत उजव्या भिंतीला पाईप. पण येताना ती भिंत डाव्या हाताला येणार, आणि डावा हात तर काही धरू शकत नव्हता. म्हणून येतानासाठी परड्यात तीन लोखंडी खांब रोवून त्यातून दुसरा पाईप. संडासात बसायला लोखंडी चौकट, वर मधोमध कापलेली फळी. सगळी मापं इंचात आणि सुतात लिहिलेली.

त्यांच्या कारखान्यातले एक मुसलमान मिस्त्री होते, वेल्डिंगचं काम करायचे. वीस वर्षं दोघं एका शेडखाली. मी त्यांना चाचा म्हणायचो. सुट्टीच्या दिवशी ते सायकलला पाईप बांधून आले. कागद बघून म्हणाले, "मालक, येवढं बारीक माप? ही काय तोफ हाय व्हय?"

"तू लाव गप. मागल्यासारखं वाकडं केलंस तर परत काढाय लावीन."

"एका हातानं काय काढतूस तू!"

"एका हातानंच काढतो. बघ."

दोघं हसले. आबांना मोठ्यानं हसताना मी झटक्यानंतर पहिल्यांदाच ऐकलं. चाचांनी दिवसभर काम केलं. भिंतीला कड्या ठोकल्या, बोल्ट आवळले, परड्यात खड्डे घेऊन सिमेंटात खांब उभे केले. तीन दिवस सिमेंट वाळू दिलं आणि चौथ्या दिवशी आबा उठले. मी मागं उभा होतो. ते म्हणाले, "लांब हो." मी दोन पावलं सरलो. "आजून लांब." पाईप धरून ते गेले, दार लावून घेतलं, बाहेर आले, वळून दुसरा पाईप धरला आणि परत आले. वळताना क्षणभर दोन्ही पाईपांमध्ये त्यांचा हात मोकळा होता. तेवढ्या वेळात मी दोन्ही हात पुढं केले.

पायरीवर येऊन ते म्हणाले, "सुनेला सांग, आता तिला सुट्टी."

त्या दुपारी त्यांनी दोन कप चहा प्यायला. पुढचे अडीच महिने ते रोज एकटे जात होते. पाईपाला जिथं त्यांचा हात लागायचा तिथं तो गुळगुळीत आणि चकचकीत झाला होता. पावलं तेहतिसावर आली. मी मात्र तेव्हाही निश्चिंत नव्हतो. पाईपावर दवाचं पाणी दिसलं की पुसून काढायचो. ते आत असताना परड्यात उगीच काहीतरी करत उभा राहायचो. मला वाटायचं, मी काळजी घेतोय.

त्याच सुमाराला धाकट्या बहिणीला स्थळ आलं. पेठ वडगावचं. मुलगा शाळेत शिक्षक, घरचं किराणा दुकान, माणसं चांगली. स्थळ आणलं ते आबांच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे आमच्या आत्यानं. पाहुणे मुलगी बघायला यायच्या आदल्या दिवशी ती आली. घर बघितलं, मागं गेली, आणि परड्यातनंच ओरडली.

"आगं बया! ह्यो काय गुरांचा गोठा हाय? दावणीगत पाईप कशाला घातलाय?"

आई म्हणाली, "त्यास्नी धरून जायाला."

"ते कळतंय मला. पण उद्या पावणं हात धुवायला हितंच येणार. त्यास्नी काय सांगणार, म्हातारा बांधून ठेवलाय?" आत येऊन ती आबांच्या खाटेवर बसली. "मी त्यास्नी सांगितलंय, गुडघ्याला वात हाय म्हणून."

आबा म्हणाले, "खोटं कशाला सांगितलंस?"

"खोटं कुठं? वात तो वातच की. घराण्यात वारं हाय म्हटलं की पोरीकडं बघणार न्हाईत लोक. उद्या त्यांच्या नातवंडाचा पाय जरा वाकडा पडला तरी म्हणतील, आजोळचं हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तू रं? थोरला भाऊ तू. एक दिवस पाईप काढाय काय झालं?"

मी आबांकडं बघितलं. मला आजही आठवतं, ते माझ्याकडं बघत नव्हते. ते माझ्या धाकट्या बहिणीकडं बघत होते. ती दारात ताट धरून उभी होती आणि तिनं मान खाली घातली होती.

"काढ," आबा म्हणाले. "एक दिवस न्हवं? काढ. चाचाचा पाना मोरीवर हाय."

मी काढले. खांबही उपटले. सिमेंट फार खोल नव्हतं, पहार लावल्यावर निघालं. खड्ड्यांत माती भरून आईनं वरून सारवलं. भिंतीतल्या कड्या काढल्यावर भोकं दिसायला लागली, तर आत्या म्हणाली, जरा चुना मार. मी चुना मारला. सगळे पाईप माळ्यावर टाकले. संध्याकाळपर्यंत परडं असं दिसायला लागलं की इथं कधी काही नव्हतंच. मला आत कुठंतरी बरं वाटलं, हे मी इथं लिहून ठेवतो. पाईप असलेलं घर आजारी दिसायचं. ते गेले तसं घर पूर्वीसारखं वाटलं.

पाहुणे आले. नवरामुलगा, त्याचे वडील, चुलते आणि दोन बायका. आबांना आम्ही आधीच खुर्चीत बसवलं होतं, डाव्या हातावरनं शाल. त्यांनी उजव्या हातानं नमस्कार केला, गूळ-पाणी दिलं, उसाचा आणि पावसाचा विषय काढला. चुलते गमत्ये होते. जेवणानंतर ते हात धुवायला मागं गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले ते मिशीवरनं हात फिरवत. म्हणाले, "परडं लई बेस ठेवलंय हो तुमी. नवीन चुना दिसतोय." मी म्हटलं, "हो, सणाचा मारला." ते माझ्याकडं बघून हसले आणि पानाचा डबा उघडला.

मुलगी पसंत पडली. आठ दिवसांनी बोलणी ठरली, तीही आमच्याच घरी. आता पाईप लावून पुन्हा काढण्यात काय अर्थ? बोलणी झाल्यावर लावू. बोलणी झाली, तर साखरपुडा पुढच्या महिन्यात निघाला. तोही इथंच. साखरपुड्यानंतर लावू. मग लग्नाची तिथी निघाली, आणि वडगावची माणसं येता-जाता घरी डोकावायला लागली. आबांनी मला एकदाच विचारलं, "ते परत लावायचं हाय न्हवं?"

"लावतो की. एवढं लग्न होऊ द्या."

"व्हय," ते म्हणाले. "पोरीचं होऊ दे."

पाईपाच्या जागी आम्ही त्यांना हाक दिली. मीच सांगितलं, "आबा, एकटं उठायचं न्हाई. हाक मारायची. घरात कोण ना कोण असतंय. हाक मारली की आलोच." ते तसं करायला लागले. पुन्हा बायकोचा हात, पुन्हा ते भिंतीकडं तोंड करून उभं राहणं. पाण्याचा तांब्या पुन्हा भरलेला राहायला लागला, ओठ सुकून फुटले. हे मला दिसत होतं. लग्नाला चार आठवडे होते, मग तीन. मी दिवस मोजत होतो आणि माझी खात्री होती की आपण कसंबसं निभावून नेऊ.

लग्नाआधी पंधरा दिवस मी रजा काढली. एका सकाळी आई, बायको आणि बहीण महाद्वार रोडला साड्या घ्यायला गेल्या. घरात मी आणि आबा. ते मधल्या खोलीत खाटेवर, मी पुढं पत्रिकांवर पत्ते लिहीत बसलो होतो. अकराच्या सुमाराला दारात वडगावचे चुलते. बाजाराला आले होते, सहज डोकावले.

"काय पावणं, एकटंच?"

मी उठून या-बसा केलं. "आबा?" त्यांनी विचारलं.

"गुडघ्यानं रात्री झोप न्हाई. आत्ता डोळा लागलाय," मी म्हटलं. हे खोटं अगदी सहज आलं. दोन महिन्यांत आमची जीभ सरावली होती. मधलं दार मी ओढून घेतलं आणि स्टोव्ह पुढंच आणून चहा केला.

चुलते खुर्चीत ऐसपैस बसले. बशीत चहा ओतून म्हणाले, "झकास झालाय की. आमच्या पोराला पण शिकवा. मास्तर हाय, फळ्यावर लिहील, पण चहा न्हाई यायचा त्याला."

"बहीण शिकवील."

"शिकवील हो, पण तिनं शिकवलेलं ऐकलं तर न्हवं!"

मी हसलो, आणि तेवढ्यात आतनं हाक आली. "आरं पोरा."

मोठी नव्हती. आबांचा आवाज झटक्यानंतर जरा जड झाला होता. पण घर लहान, स्पष्ट ऐकू आली. चुलत्यांची बशी ओठापाशी थांबली.

"कोण हाक मारतंय?"

उठून आत जायला मला चार पावलं पुरली असती. पण आत गेलो असतो तर आबांना बगलेत धरून, पाय ओढत, मागं न्यावं लागलं असतं, आणि मधलं दार उघडलं की पुढच्या खोलीतनं सरळ परडं दिसत होतं. सगळं उघडं पडलं असतं. पंधरा दिवस राहिले होते. हे सगळं मनात आलं तेव्हा मी म्हणून गेलो होतो, "शेजारचं म्हातारं हाय. ते सारखंच हाका मारतंय."

जन्मदात्या बापाला मी शेजारचं म्हातारं म्हणालो. तेही इतक्या मोठ्यानं, की मधल्या दारापलीकडं ऐकू जावं. चुलत्यांनी बशी खाली ठेवली, पुन्हा उचलली. मी मांडव कुठं घालायचा ते बोलायला लागलो. बोलताना माझे कान आत होते. पुन्हा हाक आली, आधीपेक्षा हळू, नुसतं "पोरा." मी आवाज चढवला. मांडव, पंगती, पाण्याची टाकी, काय काय बोलत होतो कुणास ठाऊक.

तिसरी हाक आली नाही. खाट करकरली. मग पाय ओढल्याचा आवाज, थांबत थांबत. मी तो आवाज ओळखत होतो. त्या पावलांचा हिशेब मला त्यांच्याइतकाच पाठ होता. मागच्या दाराची कडी वाजली. तोपर्यंतही उठता आलं असतं. मग एक आवाज झाला. भरलेलं पोतं पायरीवरनं टाकावं तसा.

चुलते म्हणाले, "मागं काय पडलं?"

"घमेलं असंल," मी म्हणालो.

त्यांच्या बशीत अर्धा चहा होता. तो संपेपर्यंत मी बसून राहिलो. आज पन्नाशीला टेकलोय, आणि माझ्या सबंध आयुष्याकडं बघितलं तर मला तो अर्धी बशी चहाच दिसतो. किती वेळ असेल? तीन मिनिटं, चार मिनिटं. त्यांनी चहा संपवला, टोपी घातली, "निघतो मी आता," म्हणाले आणि माझ्या तोंडाकडं न बघता बाहेर पडले. त्यांनी बोळाचं वळण घ्यायच्या आत मी परड्यात पोचलो.

आबा पायरीखाली उजव्या कुशीवर पडले होते. धोतर भिजलं होतं. उजवा हात भिंतीकडं लांब केलेला, जिथं पाईप होता तिथं चुना नखांनी ओरखडला होता. डोळे उघडे होते. मी "आबा, आबा" करत त्यांना उचलायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "हलवू नगोस. खुब्यात मोडलंय." आणि मग, "पावणं गेलं?"

मी म्हणालो, "गेलं."

"बरं झालं."

दवाखान्यात त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, तोल गेला. आईला सांगितलं, घाई झाली. माझी बायको पायाशी उभी राहून रडत होती, तिला म्हणाले, "पोरी, तू कशाला रडतीस? माझीच चूक. हाक न मारता उठलो." मी तिथंच उभा होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. खुब्याचं हाड मोडलेलं होतं. पायाला वजन लावून सहा आठवडे निजवून ठेवलं.

चाचा दवाखान्यात आले, मग काहीतरी आणायचं म्हणून माझ्याबरोबर घरी आले. परड्यात उभं राहून त्यांनी भिंतीकडं बघितलं. "पाईप कुठं हाय?"

"माळ्यावर. चुना मारायला काढले होते."

चाचांनी तिथल्या एका भोकावर बोट फिरवलं. "चुन्यासाठी पाईप काढाय लागत न्हाई. दर कडीला दोन बोल्ट होते. पाना लावल्याबिगर निघत न्हाईत," म्हणाले आणि सायकल घेऊन निघून गेले. त्यानंतर ते आबांना भेटायला यायचे तेव्हा मी घरी नसेन अशी वेळ बघून यायचे.

लग्न ठरल्या तिथीला झालं. आबा नव्हते. लग्नानंतर वडगावचे चुलते दवाखान्यात आले, केळी घेऊन. आबा झोपले होते. चुलते मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. नेहमीचा मिश्कीलपणा नव्हता.

"मला पहिल्या दिवशीच कळलंतं," ते म्हणाले. "हात धुवायला गेलतो तवा. कमरेच्या उंचीवर एका ओळीत नवा चुना. आमच्या म्हातारीला वारं गेलतं तवा आमीबी दोर बांधलाता तसाच. घरात येऊन मी कुणाला काय बोललो न्हाई. तुमास्नी सांगायचं नसंल तर आपण कशाला उघडं पाडायचं?"

मी केळी एका हातातनं दुसऱ्या हातात घेतली.

"त्या दिवशीची हाकबी ऐकली मी. आवाज ओळखला. पण तुमी म्हणाला शेजारचं. मग मी कसा उठू? उठलो असतो तर तुमाला खोटं पाडल्यागत झालं असतं." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "उठायला पायजे होतं."

दोन माणसं एका खोलीत बसून, एकमेकांची लाज सांभाळत, एक म्हातारा पडताना ऐकत राहिली. याला मी दुसरं काही नाव देऊ शकत नाही. ते निदान माझ्याशी तरी बोलले. मी कुणाशीच बोललो नाही.

आबा घरी आले ते खाटेवरच. पाय आखूड झाला होता, त्यावर भार देता येत नव्हता. त्यानंतर ते सव्वा वर्ष जगले आणि एकदाही उभे राहिले नाहीत. बायकोला मी त्यांच्या कोणत्याही कामाला हात लावू दिला नाही. पहाटे उठून, कचेरीला जाण्याआधी, दुपारी सायकल मारत येऊन, संध्याकाळी, सगळं मी केलं. भांडं द्यायचं, धुवायचं, पुसायचं, पाठीला पावडर लावायची. लोक म्हणायचे, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. आत्या तर चारचौघांत सांगायची. ते ऐकलं की मी काहीतरी निमित्त काढून उठून जायचो.

आबा माझ्याशी नीट बोलायचे. बहिणीची खुशाली, कारखान्यातलं काही, पेपरमधलं काही. राग म्हणून कधी दिसला नाही. फक्त एक गोष्ट त्यांनी सोडली. ते मला हाक मारत नसत. पाणी हवं असलं, भांडं हवं असलं, पाठ दुखत असली, तरी नाही. मी यायची वाट बघत पडून राहायचे. कितीदा तरी मी आलो तेव्हा अंथरूण भिजून गार झालेलं असायचं. मी शेजारच्या खोलीत असायचो, दोन हातांवर, आणि तरीही. आईला, बायकोला हाक मारायचे. पण मी घरात असलो की कुणालाच नाही.

शेवटच्या पावसाळ्यात एका दुपारी मी पुढच्या खोलीत होतो. सहज आत गेलो, तर चादर पार ओली होती. हात लावला तर गार पडलेली, म्हणजे तास तरी झाला होता. पाठीला जखमा झाल्या होत्या, त्यावर ती ओल. मी चिडलो. भीतीनं चिडलो, पण आवाज चढलाच.

"आबा, मी हितंच बसलोय की. एक हाक मारायला काय होतंय तुमाला? का मारत न्हाई?"

ते छताकडं बघत होते. त्यांनी मान माझ्याकडं वळवली. रागानं नाही, जे घडलं ते सांगावं तसं म्हणाले, "मारलीती की."

चादर माझ्या हातातच होती. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. शेवटी तेच म्हणाले, "गार लागतंय रं. कूस बदल." मी एक हात त्यांच्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि त्यांना भिंतीच्या बाजूला वळवलं.